तसबिरीतली भवानी कोणी रंगवली?

तुळजापुरात महाद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना कुंकवाच्या राशी, कवड्यांच्या माळा, परड्या, पोत आणि बांगड्या मांडलेल्या असतात. त्यांच्याच मागे, दुकानाच्या भिंतीवर, देवीच्या तसबिरी टांगलेल्या दिसतात. कल्लोळ तीर्थ, गोमुख, ओटी, दर्शन असं सगळं यथासांग झालं की परतीच्या वाटेवर माणूस तसबीर घेतो आणि घरी नेऊन देव्हाऱ्यावर लावतो. आजच्या तसबिरी ऑफसेटवर छापलेल्या, चकचकीत, काही सोनेरी फॉइलच्या असतात. पण जुन्या वाड्यांत, देवघराच्या काळवंडलेल्या भिंतीवर अजून वेगळी भवानी भेटते. सागवानी चौकट, पिवळी पडलेली काच, आत मऊ रंगांतली देवी. शिवाजी महाराज गुडघ्यावर बसलेत, देवी तलवार देते आहे, शेजारी सिंह, मागे दगडी खांब. नवरात्रात मंदिरात जी भवानी तलवार अलंकार पूजा मांडतात, तोच हा प्रसंग.

हे चित्र कोणाचं, असं घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. "रविवर्म्याचं."

कधी ते बरोबरही असतं. बहुतेक वेळा मात्र त्या उत्तरात छापखाना आणि चित्रकार यांची गल्लत झालेली असते. छापील चित्रामागे एकाहून जास्त हात असतात आणि कागदावर नाव उरतं ते त्यांतल्या एखाद्याचंच. चित्रकार शोधायचा म्हणजे आधी हे हात एकमेकांपासून सोडवून घ्यायचे.

हा गुंता सर्वांत नेटका मांडून ठेवला आहे तो जपानी लोकांनी. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, लाकडी ठोकळ्यांवरून छापलेली चित्रं रस्त्यावर विकली जात. त्यासाठी चौघं लागत. चित्र काढणारा, ते लाकडात कोरणारा, रंग लावून छापणारा आणि पैसा घालणारा प्रकाशक. चित्रकाराने पातळ कागदावर काढलेलं रेखाटन कोरक्या ठोकळ्यावर पालथं चिकटवी आणि त्याच्यावरूनच पटाशी चालवी. मूळ चित्र तिथेच संपे. उरे ती छाप. पण त्या छापेवर चित्रकाराची सही असे, सहीच्या शेवटी 'याने चितारलं' अशा अर्थाचं एक अक्षर असे, प्रकाशकाचा शिक्का असे आणि १७९० नंतर सरकारी तपासणीचाही शिक्का पडू लागला. पुढच्या काळातल्या शिक्क्यांत तर वर्ष-महिनाही सापडतो. ओळखपत्र चित्राच्या अंगावरच.

तरीही फसगत होतेच. होकुसाई या चित्रकाराने आयुष्यात तीसहून जास्त नावं बदलली. त्याच्या जगप्रसिद्ध लाटेच्या चित्रावरची सही सांगते की हे पूर्वी होकुसाई असलेल्या इइत्सुच्या कुंचल्यातून उतरलं आहे. हिरोशिगे १८५८ मध्ये वारला, त्यानंतर त्याच्या शिष्याने गुरूचंच नाव घेतलं आणि त्याच नावाने सही करू लागला. मग एकच नाव असलेली दोन चित्रं दोन माणसांची निघतात आणि निवाडा करावा लागतो तो तारखेच्या शिक्क्यावरून. शाराकूचं कोडं आणखी वेगळं. १७९४-९५ मधल्या जेमतेम दहा महिन्यांत त्याची नटांची सव्वाशेहून अधिक चित्रं बाहेर आली. प्रकाशक माहीत आहे, त्सुताया जूझाबुरो. सही स्पष्ट आहे. पण ती सही करणारा माणूस कोण, यावर अभ्यासक आजही वाद घालतात.

तुळजापूरच्या तसबिरीपाशी येताना ही जपानी पद्धत फार उपयोगी पडते. सहीकडे बघण्याआधी प्रकाशक बघायचा, छपाई बघायची, पत्ता बघायचा.

आता मूळ मुद्द्याकडे. रविवर्मा हे नाव एवढं सर्वव्यापी कसं झालं, त्याची गोष्ट निम्मी मराठी आहे. केरळातल्या किळीमानूरचे रविवर्मा (१८४८–१९०६) तैलचित्रं काढत, राजेरजवाडे ती विकत घेत. ही चित्रं छापून घरोघर जावीत, असं त्यांना सुचवणाऱ्यांत सर टी. माधवराव होते. तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण राहिलेले. पुढे १८९४ मध्ये मुंबईत रविवर्मांचा शिळाछाप, म्हणजे दगडावरून छपाई करणारा, कारखाना निघाला. शकुंतलेच्या जन्माचं चित्र त्यातलं पहिलं मानतात. १८९९ मध्ये कारखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच रविवर्मांनी तो आपल्याकडच्या जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला, विकून टाकला. १९०६ मध्ये चित्रकार गेला. कारखाना मात्र चालूच राहिला आणि १९७२ मध्ये आगीत जळेपर्यंत त्याची ओळख 'रविवर्मा प्रेस' हीच होती.

म्हणजे चित्राखाली 'रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा' असं छापलेलं असेल तर त्यातून एवढंच कळतं की कागद कुठल्या कारखान्यातून आला. खुद्द रविवर्मांनी ते चित्र कधी पाहिलं असेल, नसेलही. त्याच्या निधनानंतर दुसऱ्यांनी काढलेली चित्रंही याच नावाखाली खपली. शिवाय हे नाव इतकं चालणारं होतं की 'रवि उदय' अशा जवळपासच्या नावाचा छापखानाही निघाला. घाईने वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला 'रवि' दिसलं की पुरे. काही चित्रांवर 'अनंत शिवाजी देसाई, मोतीबाजार, मुंबई' असं ठळक असतं. अनेकांना तो चित्रकार वाटतो. ते आहेत चित्रांचे विक्रेते-प्रकाशक, जपानी भाषेत ज्याला हानमोतो म्हणतात ते.

खुद्द रविवर्मांच्या कॅनव्हासवरही एकाच माणसाचा हात नव्हता. धाकटा भाऊ सी. राजा वर्मा १९०५ मध्ये वारेपर्यंत त्यांच्या बरोबरीने रंगवत होता. आणि तो कॅनव्हास छापायचा म्हणजे कुणीतरी कारागिराने त्यातला एकेक रंग वेगळा काढून एकेका दगडावर ठिपक्याठिपक्याने उतरवायचा. एका चित्राला दहा-बारा दगड, कधी जास्तही. हे दगडावरचे चितारी बहुतेक निनावीच राहिले. रविवर्मा प्रेसमध्ये काम केलेल्यांतलं एक नाव तेवढं पुढे गाजलं. धुंडिराज गोविंद फाळके. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणणाऱ्या दादासाहेबांनी त्याआधी लोणावळ्यात छपाईची शाई हाताला लावून घेतली होती.

रविवर्मांच्या छापखान्याआधी पुणं होतं, हे आपण विसरतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये चित्रशाळा काढली. निबंधमाला आणि केसरी यांच्याइतकीच तीही त्यांची कामगिरी, पण शाळेच्या पुस्तकात तिला एखादी ओळ मिळते. रामपंचायतन, नाना फडणीस अशी चित्रं तिथे दगडावरून छापली गेली आणि मराठी माणसाच्या भिंतीवर देवांच्या शेजारी इतिहास येऊन बसला. शिवराय आणि भवानी ही जोडी छापील चित्रांत इतकी रुळली, त्यामागे हे पुणेरी वारं आहे. या चित्रांवर 'चित्रशाळा' आणि 'पुणे' हे शब्द सापडतात. चित्रकाराचं नाव बहुधा नसतंच.

मग नाव नसलेल्या चित्राचं करायचं काय? पहिलं काम, दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्यायचं आणि देवीच्या गालावर धरायचं.

नुसत्या डोळ्यांना गाल गव्हाळ, सलग दिसतो. भिंगाखाली तो फुटतो. शिळाछाप असेल तर वेडेवाकडे, लहानमोठे ठिपके दिसतात. गुलाबी, पिवळे, हनुवटीखालच्या सावलीत निळसर. कुठे दाट, कुठे विरळ, एकाच्या अंगावर दुसरा चढलेला. माणसाच्या हाताने एकेक टेकवलेला ठिपका कधीच ओळीत उभा राहत नाही. त्याउलट ठिपके शिस्तीत, जाळीसारखे, फुलांच्या पाकळ्यांसारखी नक्षी धरून बसलेले असतील तर ती कॅमेऱ्याने पाडलेल्या जाळीची छपाई. मग चित्र कितीही जुनाट दिसो, ते दगडावरचं नाही. जपानी ठोकळाछाप असेल तर ठिपकेच नसतात. रंग कागदात मुरलेला, सपाट, आणि कधी त्यात लाकडाच्या रेषाही उमटलेल्या. कागद उलटून पाहिला तर छापणाऱ्याने मागून घासलेली जागा ओळखू येते.

जुन्या ओलिओग्राफवर, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत शिळाछापावर, रोगणाचा थर असतो आणि काहींवर कॅनव्हासचा पोत यावा म्हणून दाब देऊन खरखरीतपणा आणलेला असतो. म्हणूनच घरची माणसं शपथेवर सांगतात की हे हाताने रंगवलेलं तैलचित्र आहे. भिंग त्यांचा गैरसमज एका मिनिटात दूर करतं. काही घरांत चित्रातल्या देवीला खरी जर, चमकी, मोती चिकटवून नटवलेलं असतं. ते काम घरातल्या बायकांचं किंवा विकणाऱ्याचं. माझ्या मते ते नटवणारा हातही या चित्राचा एक कलाकारच आहे आणि त्याचं नाव तर कुणीच कुठे लिहिलेलं नसतं.

दुसरी खूण आरशाची. दगडावर जसं काढावं त्याच्या उलटं कागदावर उमटतं. म्हणून जाणता कारागीर दगडावर सगळंच उलटं काढतो, अक्षरंसुद्धा. पण चोरून नक्कल करणारा घाईत असतो. तो बाजारातलं चित्र घेतो, त्यावर पातळ कागद ठेवून गिरवतो आणि आहे तसं दगडावर उतरवतो. छापून आल्यावर देवी आरशातली होते. त्रिशूळ डाव्या हातात, महाराज भलत्या बाजूला, पदर उजव्या खांद्यावर. नऊवारीचा पदर उजवीकडे गेलेली भवानी दिसली की तिथे थांबावं. बहुधा ती कुणाच्या तरी चित्राची नक्कल आहे आणि मूळ चित्र आरशात धरून शोधायला हवं.

तिसरी जागा कडेची, आणि इथेच सर्वांत जास्त नुकसान झालेलं आहे. छापखान्याचं नाव, प्रकाशकाचा पत्ता, कधी सही, हे सारं चित्राच्या खालच्या पांढऱ्या पट्टीत असतं. चौकट करणाऱ्याला ती पट्टी अडचणीची. तयार चौकटीत बसावं म्हणून तो मोजपट्टी ठेवून कातर चालवतो. जपानी चित्रांचंही असंच झालं. अल्बममध्ये बसवण्यासाठी लोकांनी कडा कापल्या आणि त्याबरोबर शिक्केही गेले. तेव्हा तसबीर काचेतूनच बघून निकाल देऊ नये. मागचे खिळे सैल करून पुठ्ठा हळूच काढावा. कधी चौकटीच्या खोबणीत दोन बोटं पट्टी दडलेली सापडते. पुठ्ठ्यामागे भरलेला वर्तमानपत्राचा तुकडा मिळाला तर त्यावरची तारीख टिपून ठेवावी. मात्र ती तारीख चौकटीची आहे हे लक्षात असावं. चित्र तिच्या आधी कितीतरी वर्षं गुंडाळीत पडलेलं असू शकतं.

पट्टी सापडली तर पत्ता नीट वाचावा, कारण पत्ते बोलतात. मुंबईच्या पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर चित्र १९७२ नंतरचं, कारण पिन कोड त्याच वर्षी १५ ऑगस्टला आला. पत्त्यात गावापुढे नुसता एक-दोन आकडी टपाल विभाग असेल तर बहुधा त्याआधीचं. तुळजापूरच्या विक्रेत्याचं नाव असेल तर गंमत आणखी वाढते. हे गाव सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलं, १९६० मध्ये महाराष्ट्रात. जिल्ह्याचं नाव उस्मानाबादवरून धाराशिव झालं ते अगदी अलीकडे, २०२३ मध्ये. एका ओळीच्या पत्त्यात एवढा इतिहास बसलेला असतो.

एवढं झालं की मग हात ओळखायचा. एकोणिसाव्या शतकात जोव्हानी मोरेली नावाच्या इटालियन अभ्यासकाने सांगून ठेवलं की चित्रकार ओळखायचा तर चेहरा सोडा, कान आणि नखं बघा. चेहरा सगळेच जपून काढतात, नक्कलही चेहऱ्याचीच होते. कानाच्या पाळीवर, बोटांच्या पेरांवर, निऱ्यांच्या मोडणीवर हात आपसूक सवयीने चालतो. भवानीच्या चित्रात बघण्यासारखी जागा म्हणजे तलवार धरलेली मूठ. रविवर्मांच्या वळणाच्या चित्रांत उजेड एका बाजूने येतो, बोटांना गोलाई असते, साडीच्या चुण्या वजनदार पडतात. राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याच्या परंपरेतल्या चित्रकारांकडे देवता समोर बघते, डोळे विशाल, मागची झाडी पानापानाने भरलेली. या परंपरेतल्या नरोत्तम नारायण यांची सही अनेक छापील चित्रांवर वाचता येते आणि ती बाजारात आणणाऱ्या ब्रिजबासी यांचं नावही.

महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) हे कोल्हापूरचे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून तिथेच शिकवणारे. शोधणाऱ्यावर त्यांचे उपकार आहेत, कारण ते सहीबरोबर वर्षही घालत. गोव्यातल्या अस्नोड्याचे रघुवीर मुळगांवकर (१९१८–१९७६) फवाऱ्याने रंग देत. त्यांच्या देवींच्या कांतीला आतून उजेड असल्यासारखा वाटतो आणि कडा कुठेच टोचत नाहीत. कलबुर्गीचे एस. एम. पंडित (१९१६–१९९३) सिनेमाची पोस्टरं रंगवणारे. त्यांच्या देवदेवतांच्या अंगात बळ असतं, प्रसंगात नाट्य. ही वळणं एकदा डोळ्यांत बसली की सही कापली गेलेली असली तरी अंदाज बांधता येतो. तो अंदाजच, हे मात्र धरून चालावं. कारण गाजलेल्या वळणाची नक्कल करणारेही तेवढेच तयार होते.

देवी कशी काढली आहे, हाही पुरावा आहे. तुळजापूरची मूर्ती काळ्या पाषाणाची, अष्टभुजा, महिषासुराला मारणारी. पण भाविकाला ती दिसते वस्त्रालंकारांत. मुकुट, मळवट, मोठे डोळे, गळ्यात दागिने आणि चापूनचोपून नेसवलेलं लुगडं. आठ हात त्यात झाकलेले असतात. म्हणून छापील भवानीची दोन कुळं पडतात. एक दर्शनातली, दुसरी कथेतली. दर्शनातल्या चित्रामागे पुष्कळदा फोटो असतो आणि त्यावर हाताने रंग चढवलेले असतात. कथेतली भवानी चित्रकाराच्या मनातून येते, तिला हातपाय, चाल, सिंह सगळं असतं. रविवर्मा प्रेसच्या प्रसिद्ध 'अष्टभुजा देवी'शी आपल्या तसबिरीची तुलना करणाऱ्याने हा फरक आधी पाहावा. ती तुळजापूरची मूर्ती बघून काढलेली नाही. शिवाय महाराजांनी १६६१ मध्ये प्रतापगडावरही भवानीची स्थापना केली, त्यामुळे तलवारीच्या चित्रात मागे कुठलं देऊळ आणि कुठले डोंगर दाखवलेत, हेही बघण्यासारखं असतं.

मूळ चित्रांशी ताडून बघायचं असेल तर सातारा जिल्ह्यातल्या औंधला जावं. तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि त्यांनी १९३८ मध्ये तिथे उभारलेल्या संग्रहालयाचं नावही श्री भवानीच आहे. रविवर्मांची तैलचित्रं तिथे बघायला मिळतात. कॅनव्हासवरच्या कुंचल्याचा फटकारा एकदा जवळून पाहिला की दगडावरच्या ठिपक्यांत काय हरवलं आणि काय नवं आलं, ते लगेच ध्यानात येतं.

जपानचा धागा इथे पुन्हा एकदा येऊन मिळतो. विसाव्या शतकाच्या आरंभी जपानी कारखान्यांनी हिंदुस्थानच्या बाजारासाठी काडेपेट्या केल्या आणि त्यांच्या लेबलांवर रविवर्मांच्या वळणाचे देव छापले. आणि १९३०-३१ मध्ये योशिदा हिरोशी हा ठोकळाछपाईचा चित्रकार मुलाला घेऊन हिंदुस्थानात हिंडला. ताजमहाल, उदयपूर, काशी अशी चित्रं त्याने परत जाऊन छापली. त्याच्या चित्रांच्या कडेला 'जिझुरी' असा एक छोटा शिक्का सापडतो. छपाई त्याच्या स्वतःच्या देखरेखीखाली झाली, असा त्याचा अर्थ. तो निधन पावल्यावर त्याच ठोकळ्यांवरून छापलेल्या प्रतींना तो मान नाही. चित्र तेच, ठोकळे तेच, तरी शिक्का नसेल तर किंमत उतरते. आपल्याकडे श्लायशरच्या हाती कारखाना गेल्यानंतरच्या आणि आधीच्या छापांत असा भेद सांगणारा एखादा शिक्का असता तर किती काम सोपं झालं असतं.

तो नाही, म्हणून नोंद सावधपणे करावी लागते. चांगली नोंद साधारण अशी असते: भवानी शिवरायांना तलवार देताना, चित्रकार अज्ञात, दगडावरची रंगीत छपाई, वर रोगण, खालची पट्टी कापलेली, छापखान्याच्या नावातलं शेवटचं अक्षर तेवढं शिल्लक, चौकट नंतरची. त्यात 'रविवर्मा' लिहिण्याचा मोह होतो, विकणाऱ्याला तर फारच. पट्टीवर ते नाव असलं तरी 'रविवर्मा प्रेस' एवढंच लिहावं.

उघडलेल्या तसबिरीचा मागूनपुढून फोटो काढून ठेवावा. काचेवरचं कुंकू पुसायला हरकत नाही, कागदावर उडालेलं मात्र घासू नये. ते रंगाला धरून बसलेलं असतं. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर नाहीच. कसर लागलेला पुठ्ठा बदलावा आणि आतून निघालेला वर्तमानपत्राचा कपटा पाकिटात घालून नव्या पुठ्ठ्यामागे ठेवावा. घटस्थापनेच्या आधी तसबीर आपल्या खिळ्यावर परत गेलेली असावी, कारण त्या नऊ दिवसांत घरातल्या माणसांना ती जागा रिकामी चालत नाही.